पंचनामा नाही, पावती नाही, आणि लॅपटॉप ठाण्यात

वाचकाचं पत्र:

वकीलताई नमस्कार. माझं नाव, गाव काही छापू नका एवढीच विनंती. मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला मित्राकडून येताना नाकाबंदीत त्याची स्कूटर थांबवली. लायसन्स, आरसी, इन्शुरन्स सगळं होतं. डिकी उघडायला लावली, रेनकोट सोडून काही नव्हतं. मग एका शिपायाने मोबाईल मागितला, लॉक काढायला लावलं आणि व्हॉट्सॲपचे ग्रुप, गॅलरी सगळं बघत बसला, स्वतःच्या मोबाईलने त्याचे फोटोही काढले. पोरगं घाबरून गप्प राहिलं. काही दिवसांनी दुपारी घरी तिघे आले, एक वर्दीत, दोघे साध्या कपड्यात. मी एकटीच होते. "चौकशी आहे, मुलाची खोली दाखवा" म्हणाले. वॉरंट नव्हतं. खोली बघितली, माझं कपाटपण उघडलं, आणि लॅपटॉप आणि दोन पेन ड्राइव्ह घेऊन गेले. दोन कागदांवर माझ्या सह्या घेतल्या, त्यातला एक कोरा होता. पावती मागितली तर म्हणे ठाण्यात या, देतो. दुसऱ्या दिवशी मुलाला बोलावलं, चार तास बसवून ग्रुपमधल्या एका मुलाबद्दल विचारलं आणि सोडलं. गुन्हा कोणता, नंबर काय, कोणी काही सांगत नाही. लॅपटॉपवर त्याचा प्रोजेक्ट आहे. मी जाते तेव्हा दर वेळी "साहेब बंदोबस्ताला गेलेत". भाचा म्हणतो मावशी टेन्शन घेऊ नको, वॉरंटशिवाय झडती घेतली म्हणजे सगळा पुरावा बाद, केस उभीच राहणार नाही. हे खरं आहे का? आणि मुलगा विचारतोय मोबाईल फॉरमॅट मारू का. काय करू सांगा.
— एक आई

ताई,

भाच्याचं आणि मुलाचं, दोघांचंही ऐकू नका. का ते पुढे सांगते, पण आधी आजचं काम, कारण बाकी सगळं दोन दिवस थांबलं तर चालेल, कोऱ्या कागदावरची सही थांबत नाही.

एक अर्ज लिहा. वकिली भाषा अजिबात नको, मला लिहिलंत तसंच साधं लिहा. अमुक तारखेला अमुक वाजता तीन जण आले, वर्दीवाल्याच्या नेमप्लेटवर काय नाव होतं (आठवत असेल तर), कुठल्या गाडीतून आले, वॉरंट किंवा लेखी आदेश दाखवला नाही, पंच आणले नाहीत, काय काय नेलं. लॅपटॉपची कंपनी, मॉडेल आणि सिरीयल नंबर टाका, तो बिलावर नाहीतर खोक्यावर असतो. आणि मग स्पष्ट वाक्य: "माझ्याकडून दोन कागदांवर सह्या घेण्यात आल्या, त्यातला एक कोरा होता, त्यावर नंतर लिहिलेला कोणताही मजकूर मला मान्य नाही." शेवटी मागा, गुन्हा नंबर आणि कलम, जप्तीच्या यादीची प्रत, झडतीच्या व्हिडिओ रेकॉर्डिंगची प्रत. अर्ज ठाण्याच्या पोलीस निरीक्षकांना, प्रत पोलीस अधीक्षकांना, आणि तुमच्याकडे आयुक्तालय असेल तर आयुक्तांना. ठाण्यात आवक शिक्का मारून पोच मागा, दिली तर उत्तम, नाही दिली तर तिथे वाद घालत उभं राहू नका, सरळ स्पीड पोस्टने पाठवा आणि वर ईमेलही करा. समोरच्या घराला किंवा दुकानाला सीसीटीव्ही असेल तर ते फुटेज आजच्या आज मागून घ्या, बहुतेक ठिकाणी जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं, कदाचित गेलंही असेल पण विचारून बघा. उद्या कोर्टात तुम्ही म्हणालात की सही कोऱ्या कागदावर होती, तर पहिला प्रश्न येतो "मग तेव्हाच का नाही बोललात". त्याला उत्तर म्हणून हा अर्ज हवा.

आता वॉरंट. पिक्चरमुळे आपल्याला वाटतं की वॉरंट नसेल तर पोलीस उंबरा ओलांडू शकत नाहीत. आपल्याकडे तसं नाहीये. १ जुलै २०२४ पासून जुन्या सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिचं कलम १८५ (जुनं १६५) सांगतं की गुन्ह्याचा तपास चालू असताना ठाण्याचा प्रभारी अधिकारी किंवा तपास अधिकारी वॉरंटशिवाय झडती घेऊ शकतो. पण कधी, तर तपासाला लागणारी वस्तू त्या जागेत मिळेल असं मानायला सबळ कारण असेल, आणि वॉरंट आणत बसलो तर फार उशीर होईल अशी स्थिती असेल, आणि हे कारण त्याने आधी केस डायरीत लिहिलेलं असेल, आणि शक्य तितकं हेही लिहिलेलं असेल की नेमकी कोणती वस्तू शोधायला चाललोय. "चला बघू काय मिळतंय" म्हणून घर उलथंपालथं करायची परवानगी त्या कलमात कुठेच नाही. शक्यतो त्या अधिकाऱ्याने स्वतः जायचं, हाताखालच्याला पाठवायचं तर कारण नोंदवून लेखी आदेश द्यायचा. म्हणजे तुमच्या दारात आलेल्या तिघांमध्ये तपास अधिकारी कोण होता आणि नसेल तर लेखी आदेश कुठे आहे, हा प्रश्न तुम्हाला विचारता येतो. आणि मुळात गुन्हाच दाखल नसेल तर तपास कसला चालू आहे आणि १८५ कुठून लागलं, हाही.

म्हणूनच आधी गुन्हा नंबर शोधा. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटीझन पोर्टलवर एफआयआर बघता येतात, संवेदनशील प्रकरणं सोडून बाकी एफआयआर २४ तासांत ऑनलाइन टाका असं सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्येच सांगून ठेवलंय. ठाणे आणि तारखा टाकून बघा, पोराला हे पाच मिनिटांत जमेल.

पंचांचं कलम १०३. त्या भागातले दोन किंवा जास्त स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी बोलवायचे, झडती त्यांच्यासमोर, काय आणि कुठून घेतलं त्याची यादी, पंचांच्या सह्या, आणि घरमालकाला म्हणजे तुम्हाला झडतीच्या वेळी हजर राहू द्यायचं आणि यादीची सही केलेली प्रत द्यायची. "ठाण्यात या देतो" ही सोय कायद्यात नाही. स्वतंत्र म्हणजे खरंच स्वतंत्र बरं का, काही ठाण्यांचे पंच ठरलेले असतात, दहा केसमध्ये तीच दोन नावं, आणि उलटतपासणीत असा पंच मिळाला की बचावाच्या वकिलाला सणच. अर्थात दोष एकट्या पोलिसांचा नाही, पंच व्हा म्हटलं की अख्खी बिल्डिंग दारं लावून घेते, कोर्टाच्या चकरा कोणाला हव्यात. (लेखी आदेश देऊन बोलावल्यावर कारण नसताना नकार देणं हा गुन्हा आहे, हे शेजारच्यांनाही सांगून ठेवा.) आणि बाईच्या अंगाची झडती फक्त बाईच घेणार, ती पण सभ्यता राखून. घराच्या झडतीला महिला पोलीस हवीच असा सरसकट नियम नाही, पण तुम्ही एकट्या असताना "महिला पोलीस आणि शेजारच्या काकू येऊ देत, मग सुरू करा" एवढं म्हणणं अडथळा ठरत नाही.

नवीन संहितेत एक गोष्ट खरंच कामाची आलीय, कलम १०५. झडती आणि जप्तीचं, यादी बनवणं आणि पंचांच्या सह्या यासकट, ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचं, शक्यतो मोबाईलवर, आणि ते विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचं. यासाठी ई-साक्ष्य नावाचं सरकारी ॲपच आहे. तुमच्याकडे कोणी शूटिंग केल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणजे केलं नसणार. शिवाय १८५ खाली लिहिलेल्या नोंदींच्या प्रती ४८ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटला जायला हव्यात आणि घरमालकाने अर्ज केला की मॅजिस्ट्रेटने त्या फुकट द्यायच्या. हे कलम लोकांना माहीतच नसतं. ठाण्यात चकरा मारण्यापेक्षा एक अर्ज कोर्टात टाका की अमुक तारखेच्या झडतीच्या नोंदींची प्रत मिळावी. नोंदी असतील तर गुन्हा कोणता ते कळेल, नसतील तर कोर्ट पोलिसांचं म्हणणं मागवेल, आणि तेव्हा बंदोबस्ताला गेलेले साहेब बरोबर सापडतील.

तुम्ही विचारलं नाहीत, पण भाच्याच्या दाव्याचं उत्तर इथूनच सुरू होतं: हे सगळं संहितेत आहे, घटनेत का नाही? अमेरिकेच्या घटनेत १७९१ पासून चौथी दुरुस्ती आहे, अवाजवी झडतीपासून संरक्षण असं थेट लिहिलेलं. आपल्याकडेही ते यायला आलं होतं. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत मध्य प्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी साधारण त्याच धर्तीची दुरुस्ती मांडली, आणि डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारायची तयारी दाखवली होती. त्यांचं म्हणणं असं की ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत आहेच, पण उद्याच्या विधिमंडळाला तिला हात लावता येऊ नये म्हणून घटनेत आलेली बरी. मतदान पुढे ढकललं गेलं आणि शेवटी दुरुस्ती पडली. मला विचाराल तर आपल्या घटनेतली ही सगळ्यात महागात पडलेली गाळलेली जागा आहे, कारण १९५४ मध्ये एम. पी. शर्मा प्रकरणात सुप्रीम कोर्टाच्या आठ न्यायाधीशांनी नेमकं यावरच बोट ठेवलं की घटनाकारांनी चौथ्या दुरुस्तीसारखा हक्क ठेवलेला नाही, मग आम्ही तो मागच्या दाराने कशाला आणू. नंतर खरक सिंग प्रकरणात, १९६२ मध्ये, रात्री-अपरात्री पोलिसांनी घरी येऊन बघून जाण्याचा उत्तर प्रदेशातला नियम कोर्टाने रद्द केला खरा, पण त्याच निकालात खासगीपणाचा हक्क म्हणून काही नाही असंही बहुमताने लिहून ठेवलं.

हे बदललं २४ ऑगस्ट २०१७ ला, पुट्टस्वामी निकालाने. नऊ न्यायाधीश, एकमत, खासगीपणा हा घटनेच्या कलम २१ मधल्या जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग, आणि त्याच्या आड येणारं एम. पी. शर्मा आणि खरक सिंगमधलं म्हणणं रद्द. सरकारला तुमच्या खासगी गोष्टीत शिरायचं तर तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: त्यासाठी कायदा आहे, हेतू वैध आहे, आणि जेवढी गरज तेवढंच केलंय. तुमच्या मुलाच्या मोबाईलला ही कसोटी लावून बघा. नाकाबंदीत कोणता कायदा? मोटार वाहन कायद्याचं कलम १३० वर्दीतल्या पोलिसाला लायसन्स आणि गाडीचे कागद मागायचा अधिकार देतं. गॅलरी त्यात नाही. ग्रुपवरचं चॅटिंग त्यात नाही. कोणत्या गुन्ह्याचा संशय होता? कोणी सांगितलं नाही. गरजेपुरतं? शिपाई खाली-वर करत बसला म्हणता तुम्ही. तिन्ही ठिकाणी नापास. डिकीचं मात्र मी धरून बसणार नाही, रात्रीच्या नाकाबंदीत हत्यार, दारू, चोरीचा माल बघतात, ड्रग्जच्या कायद्यात तर सार्वजनिक जागी संशयावरून तपासायचे वेगळे अधिकार आहेत, डिकी उघडून दाखवून मोकळं झालेलं बरं. मोबाईल म्हणजे डिकी नव्हे, त्यात माणसाची औषधं, बँक, भांडणं, प्रेम सगळं असतं.

मग पोराने काय म्हणायला हवं होतं? आवाज न चढवता: "साहेब, कागद बघा, सहकार्य करतोय. मोबाईल उघडून दाखवायला माझी संमती नाही. एखाद्या गुन्ह्यासाठी हवा असेल तर पंचनामा करून जप्त करा." यात धोका नाही असं मी म्हणणार नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ (जुनं १०२) खाली चोरीची किंवा गुन्ह्याचा संशय येईल अशा परिस्थितीत सापडलेली वस्तू पोलीस जप्त करू शकतात, म्हणजे नाही म्हटल्यावर एखादा साहेब चिडून फोनच ठेवून घेईल आणि आठवडे जातील. पण जप्ती केली की ती मॅजिस्ट्रेटला कळवावी लागते, कागद तयार होतो, कारण लिहावं लागतं, आणि बऱ्याचदा एवढ्यावरच "जा रे जा" होतं. हातातला फोन मात्र हिसकायचा नाही, हात झटकायचा नाही, कारण मग खासगीपणा वगैरे सगळं बाजूला राहतं आणि जुनं ३५३, आता भारतीय न्याय संहितेचं १३२, लागतं. सरकारी कामात अडथळा म्हणून सगळ्यांना पाठ असलेलं तेच. नकार तोंडाने द्यायचा, आणि जमलं तर लेखी.

पासवर्डचा मुद्दा जरा गुंतागुंतीचा आहे. घटनेचं कलम २०(३) म्हणतं आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही. सुप्रीम कोर्टाने १९६१ मध्ये ठरवलं की अंगठ्याचा ठसा, अक्षराचा नमुना हे त्यात येत नाही, आणि २०१० मध्ये सेल्वी निकालात ठरवलं की संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग चालणार नाही, कारण ते डोक्यातलं काढून घेणं झालं. मग पासवर्ड अंगठ्यासारखा की डोक्यातला? कर्नाटक हायकोर्ट २०२१ मध्ये म्हणालं पासवर्ड देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे, पण फोन तपासायला वॉरंट आणि नीट प्रक्रिया हवी असंही त्याच निकालात लिहिलं. दिल्लीच्या सीबीआय विशेष कोर्टाने २०२२ मध्ये बरोबर उलटं, आरोपीला पासवर्ड द्यायची सक्ती करता येणार नाही. म्हणून लॅपटॉपचा पासवर्ड मागितला तर मुलाने लगेच सांगून टाकू नये, "वकिलाला विचारून लेखी कळवतो" म्हणावं. आणि लॅपटॉपचा डेटा कॉपी केला असेल किंवा करणार असतील तर हॅश व्हॅल्यू नोंदवा अशी लेखी मागणी करा. हा फाईलींच्या मजकुरावरून निघणारा एक लांबलचक क्रमांक असतो, आत एक अक्षर बदललं तरी क्रमांक बदलतो, त्यामुळे नंतर कोणी काही घातलं किंवा काढलं तर पकडता येतं. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात नवीन साक्ष्य अधिनियमाने हॅशची जागाच ठेवलीय.

आता भाचा. बेकायदा झडती म्हणजे पुरावा बाद, हे अमेरिकेत बऱ्याच अंशी खरं आहे, तिथे १९६१ पासून राज्यांच्या कोर्टांनाही हा नियम लागू आहे. आपल्याकडे उलटं आहे. पूरनमल म्हणून इन्कम टॅक्सच्या धाडीचं एक प्रकरण होतं, त्यात सत्तरच्या दशकात पाच न्यायाधीशांनी सांगितलं की पुरावा प्रकरणाशी संबंधित असेल आणि घटनेत किंवा कायद्यात स्पष्ट मनाई नसेल, तर केवळ झडती बेकायदा होती म्हणून तो फेकून देता येणार नाही. २०१७ नंतरही हा नियम उलटवलेला नाही. म्हणजे पोलिसांनी पंच आणले नाहीत, यादी दिली नाही, रेकॉर्डिंग केलं नाही, तरी लॅपटॉपमध्ये खरोखर काही सापडलं तर ते कोर्टासमोर येऊ शकतं. फरक कुठे पडतो, तर विश्वासात. झडती नियमबाह्य असेल तर त्यातून आलेला पुरावा कोर्टाने जास्त बारकाईने तपासावा असं सुप्रीम कोर्टाने १९६३ मध्येच म्हटलंय, आणि पंच नाहीत, व्हिडिओ नाही, वर आईने चार दिवसांत लेखी तक्रार केलेली, अशा स्थितीत "हे आम्हाला त्याच घरात सापडलं" हे सिद्ध करणं पोलिसांना जड जातं. पण जड जाणं वेगळं आणि आपोआप बाद होणं वेगळं. मोठा अपवाद ड्रग्जच्या कायद्याचा. तिथे कलम ५० आहे, अंगझडतीआधी माणसाला सांगायचं की राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती द्यायचा तुला हक्क आहे. हे सांगितलंच नाही तर अंगावर सापडलेल्या मालावरून शिक्षा टिकत नाही, १९९९ च्या बलदेव सिंग प्रकरणापासून हे ठरलेलं आहे. हे फक्त अंगझडतीपुरतं, बॅगेला नाही. भाच्याने बहुधा असाच एखादा निकाल कुठेतरी अर्धवट वाचला असणार.

आपल्याकडे चुकीच्या झडतीवर शेवटी निकालात आपोआप उतारा मिळत नाही, म्हणून भांडण सुरुवातीलाच करायचं असतं, कागदावर, त्याच आठवड्यात. नंतर बघू म्हणणारे क्लायंट माझ्याकडे येतात तेव्हा बघण्यासारखं फार उरलेलं नसतं.

आणि मोबाईल फॉरमॅट? अजिबात नाही. चॅट डिलीट नाही, ग्रुपमधून आज बाहेर पडणं नाही, क्लाउडवरून लॅपटॉप पुसणं तर नाहीच नाही. आत्ता तो बहुतेक साक्षीदार आहे, ग्रुपमधल्या दुसऱ्याच मुलाबद्दल विचारलं म्हणता. फॉरमॅट मारला की पुरावा नष्ट केल्याचा वेगळा गुन्हा अंगावर येऊ शकतो, आणि त्या ग्रुपवर फक्त गुड मॉर्निंगचे मेसेज असले तरी उद्या कोणी म्हणेल की काहीतरी होतं म्हणूनच पुसलं. बॅकअप घ्यायला हरकत नाही. आणि त्या मित्राला फोन करून "तू काय सांगितलंस" हे विचारणं पण सध्या नको.

पुन्हा बोलावलं तर तोंडी निरोपावर पाठवू नका. संशयित म्हणून हवा असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस, साक्षीदार म्हणून हवा असेल तर १७९ चा लेखी आदेश. ३५ ची नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवू नका असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना बजावलंय, त्यामुळे कागद मागायला लाजायचं कारण नाही. कागद आला तर मात्र जायचंच, टाळायचं नाही, आणि वकील सोबत न्यायचा. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते, कायद्यातच तसं आहे, त्यामुळे "इथे सही कर" म्हटलं तर आधी तो कागद कसला आहे ते वाचायचं. तुम्हाला स्वतःला साक्षीदार म्हणून बोलावलं तर ताई तुम्ही जाऊच नका, बाईला जबाबासाठी ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, त्यांनी घरी यायचं. त्या चार तासांचं म्हणाल तर ठाण्यात सीसीटीव्ही असायलाच हवेत, सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२० मध्ये सगळ्या ठाण्यांना सक्ती केलीय आणि फुटेज दीड वर्ष, ते जमत नसेल तर किमान एक वर्ष ठेवायचं आहे. तारीख आणि वेळ देऊन ते जपून ठेवा असा एक वेगळा अर्ज टाका, माहिती अधिकारातही मागता येतं.

लॅपटॉप परत मिळवायला ठाण्यात विनवण्या करून उपयोग नाही, मॅजिस्ट्रेट कोर्टात मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज करायचा, कलम ४९७ आणि ५०३ खाली, सोबत बिल आणि कॉलेजचं प्रोजेक्टबद्दलचं पत्र. कोर्ट पोलिसांचं म्हणणं ऐकतं, मग बॉन्ड लिहून घेऊन वस्तू सुपूर्दनाम्यावर देतं, विकायची नाही आणि बोलावलं की हजर करायची या अटीवर. जप्त वस्तू ठाण्यात कुजवत ठेवू नका असं सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच गुजरातच्या एका प्रकरणात सांगितलंय, वकील ते लावतीलच. पोलीस म्हणतील फॉरेन्सिक बाकी आहे. मग मागणी करायची की डेटाची कॉपी घ्या आणि मशीन द्या, आणि तेही नाही तर निदान प्रोजेक्टच्या फाईली कोर्टाच्या परवानगीने कॉपी करून द्या. कोर्टाला ही मागणी रास्त वाटायला हरकत नसावी, परीक्षेचं वेळापत्रक जोडा.

तक्रार करायची का हे तुमच्यावर. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ चं कलम १४७ आहे, अधिकार किंवा वाजवी कारण नसताना घरात शिरणं, झडती घेणं, त्रास द्यायला विनाकारण वस्तू जप्त करणं हा पोलिसाचा गुन्हा आहे. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, राज्य मानवी हक्क आयोग आहे. पण मी तुमच्या जागी असते तर आधी कागद गोळा केले असते, लॅपटॉप घरी आणला असता, आणि मग ठरवलं असतं, कारण तक्रारीची भीती दाखवून सामान लवकर मिळतं हा समज मला तरी कधी खरा ठरलेला दिसला नाही. अधीक्षकांकडे गेलेली स्पीड पोस्टची प्रत त्या मानाने बरंच काम करते.

हो आणि ठाण्यात गेलात आणि कोणी उद्धट बोललं तर मोबाईलवर रेकॉर्ड केल्याबद्दल "ऑफिशियल सीक्रेट्स लावू" म्हणतील, घाबरू नका, पोलीस ठाणं त्या कायद्यातली प्रतिबंधित जागा नाही असं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये सांगितलंय. तरी पण शूटिंग करत भांडू नका, काम बिघडतं.

वकिलाचे पैसे परवडत नसतील तर जिल्हा कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. बाईला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, फोन करायचा तर १५१००. लॅपटॉप तुमच्या नावावर घेतलेला असेल, बिल तुमच्या नावाचं असेल, तर सुपूर्दनाम्याचा अर्ज मुलाच्या नव्हे तुमच्याच नावाने जाऊ द्या, म्हणजे मोफत वकिलाचं पण जुळेल आणि मुलगा कॉलेज बुडवून तारखांना जायचा वाचेल.